वर्सोव्याचं जप्त इंजिन

१

दार जेमतेम वीतभर उघडलं असेल-नसेल, तोच मॅनेजर अंबादास निफाडे ओरडले, "चोरी! इंजिन गेलं! चोरी!"

त्यांच्या मागे उभ्या असलेल्या माणसांनी दार ढकललं. शिपाई गुणाजी परबने आत हात घालून दिवा लावला. सागरतीर बँकेच्या वर्सोवा शाखेची ती मागची खोली होती. तिथे एक मोडकी तिजोरी, दोन जप्त शिलाई मशीनं आणि जुन्या वह्यांचे गठ्ठे होते. आतल्या कोपऱ्यात, दाराआड, एक लाकडी घोडी होती. होडीचं इंजिन त्या घोडीवर असायला हवं होतं. घोडी जागच्या जागी होती, इंजिन नव्हतं.

तारीख होती २ डिसेंबर १९८५, वार सोमवार आणि वेळ अकराची. बरोबर अकरालाच त्या इंजिनाचा लिलाव व्हायचा होता.

लिलावाला माणसं मोजकीच होती. अंधेरीचे चंद्रप्रकाशशेठ जुन्या इंजिनांचा धंदा करायचे. दहापासून येऊन बसले होते आणि बँकेचे दोन चहा पिऊन झाले होते. दुसरा धर्मा कोळी, ज्याचं इंजिन होतं तो. त्याला कोणी बोलावलं नव्हतं, पण आपलं इंजिन कुणाच्या हातात जातंय ते बघायला तो आला होता. आणि तिसऱ्या रत्नप्रभा साटम. कांदिवलीहून दोन बस बदलून आल्या होत्या.

रत्नप्रभाबाई हमी महामंडळात, म्हणजे बँकांनी गरिबांना दिलेल्या कर्जांची हमी घेणाऱ्या सरकारी संस्थेत, तपासणी अधिकारी होत्या. वय चाळिशीच्या पलीकडे, खांद्याला मोठी पर्स, नाकावर जाड चष्मा. महत्त्वाचं काही ऐकायचं असलं की त्या चष्मा काढायच्या. त्यांचं म्हणणं, चष्मा असला की समोरच्याचा चेहरा दिसतो आणि मग बोलण्याकडे लक्ष राहत नाही.

"पोलिसांना बोलवा की!" चंद्रप्रकाशशेठ म्हणाले.

"पोलिस?" निफाड्यांचा आवाज एकदम खाली आला. "इतक्यात नको. आधी जरा शोधू."

"किती राहिले होते कर्जाचे?" रत्नप्रभाबाईंनी विचारलं. त्यांना आकडा माहीत होता, पण निफाड्यांना बोलतं करायचं होतं.

"सहा हजार. स्वयंरोजगार योजनेतलं कर्ज. गेल्या वर्षी धर्माचं खांद्याचं हाड मोडलं, सात महिने घरी होता. हप्ते थकले. आम्ही मार्चमध्ये इंजिन जप्त केलं आणि तुमच्याकडे दावा लावला."

"आणि आम्ही ऑगस्टमध्ये तुम्हाला साठ टक्के दिले. तीन हजार सहाशे. पण तारण नीट सांभाळायचं, विकायचं आणि जे येईल त्यातले साठ टक्के आम्हाला परत पाठवायचे, या बोलीवर. तारणच बँकेच्या हलगर्जीपणाने गेलं, तर निफाडेसाहेब, सगळे तीन हजार सहाशे परत करावे लागतील. आणि चौकशी होईल ती वेगळीच."

चौकशी म्हटल्यावर गुणाजीने कपाळावरचा घाम पुसला. त्याला निवृत्तीला दोन वर्षं होती.

"लिलाव चार वाजता," रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "तोवर इंजिन मिळालं नाही तर मी स्वतः पोलिसात जाईन."

सगळे निघाले. बाई दारापाशीच थांबल्या. कुलुपावर कागदाची पट्टी चिकटवून मॅनेजरच्या सहीचं सील केलेलं असायचं. फाटलेल्या पट्टीचा तुकडा चौकटीवर लोंबत होता. त्यांनी तो उजेडात धरला. निफाड्यांची वळणदार सही होती आणि खाली तारीख.

३०-११-८५.

इंजिन जप्त झालं होतं मार्चमध्ये आणि सील होतं परवाच्या शनिवारचं.

२

"दमट हवा," निफाडे म्हणाले. "समुद्र जवळ. कागद टिकत नाही. मी अधूनमधून नवीन पट्टी लावतो."

"किती वेळा?"

"अधूनमधून."

निफाडे नाशिककडचे. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी रजेचा अर्जसुद्धा तीन प्रतींत केला होता. टेबलावर पेन्सिलीसुद्धा उंचीप्रमाणे लावून ठेवलेल्या. असा माणूस खोटं बोलायला लागला की त्याचे कान लाल होतात, आणि निफाड्यांचे कान आत्ता पिकल्या टोमॅटोसारखे झाले होते.

"चावी कुणाकडे असते?"

"फक्त माझ्याकडे. दुसरी हेड ऑफिसात, लखोट्यात."

त्यानंतर गुणाजी आला. मालवणकडचा, बोलायला फटकळ. पण आज त्याने तोंड उघडायलाच वेळ लावला.

"गुणाजी, इंजिन शेवटचं कधी पाहिलंत?"

"माका काय ठावक, म्याडम? चावी सायबांकडे. मी चाय आणतंय, फायली उचलतंय. इंजिनाचा काय तां सायबांक इचारा."

"जड असेल ना ते?"

"तसां नाय. खालसून धरला आणि पोटाशी घेतला की एका माणसाक उचलता. पण जिन्याकडे जरा वाकडा करूक लागता..." गुणाजी मध्येच थांबला. "असा लोक सांगतत."

चंद्रप्रकाशशेठ मात्र मनमोकळे निघाले. "बाई, ते इंजिन मी मार्चमध्ये बघितलं होतं. सातशे रुपये सांगितले. समुद्राच्या हवेत नऊ महिने पडलेलं इंजिन, त्यात काय राहतंय? भंगार! आता चोराने नेलं असेल तर त्याची मला दया येते."

बाई पुन्हा त्या मागच्या खोलीत गेल्या. खिडकीचे गज मजबूत होते. शिलाई मशीनांवर धुळीचा इतका जाड थर होता की कुणीतरी त्यात बोटाने 'राम' लिहिलं होतं, आणि त्या 'राम'वरही पुन्हा धूळ बसली होती. लाकडी घोडी मात्र स्वच्छ होती. तिच्या खाली तेलाचे थेंब पडले होते. बोट लावलं तर बोटाला तेल लागलं. नऊ महिने न हललेलं इंजिन ताजं तेल गाळत नाही.

त्या गुडघ्यावर बसल्या. घोडीच्या पायाशी, फटीत, काहीतरी चमकत होतं. त्यांनी केसातला आकडा काढून ते उकरलं.

पापलेटचा खवला होता.

३

"मला वह्या बघायच्या आहेत," रत्नप्रभाबाई म्हणाल्या.

"कोणत्या?" निफाड्यांनी विचारलं.

"सगळ्या. चार वाजेपर्यंत वेळ आहे."

धर्माच्या कर्जखात्यात मार्चनंतर एकही नोंद नव्हती. ते अपेक्षितच होतं. बाईंनी एकेक वही चाळली आणि शेवटी सस्पेन्स खात्याची वही उघडली. ज्या पैशांचं काय करायचं ते ठरलेलं नसतं, ते बँका या खात्यात तात्पुरते ठेवतात. वर्सोवा शाखेच्या या खात्यात सप्टेंबरपासून चौदा नोंदी होत्या. प्रत्येक वेळी दीडशे रुपये. आणि प्रत्येकीसमोर निफाड्यांच्या वळणदार अक्षरात लिहिलेलं: 'एका हितचिंतकाकडून.'

बँकेचा हितचिंतक! बाईंनी एकवीस वर्षांच्या नोकरीत असा माणूस पाहिला नव्हता.

त्यांनी तारखा कागदावर उतरवल्या आणि भिंतीवरच्या कॅलेंडरसमोर जाऊन उभ्या राहिल्या. नऊ सप्टेंबर सोमवार, सोळा सोमवार, तेवीस सोमवार. चौदांपैकी बारा नोंदी सोमवारच्या होत्या. उरलेल्या दोन गुरुवारच्या: तीन ऑक्टोबर आणि अठ्ठावीस नोव्हेंबर.

गुरुवार कशासाठी? बाईंनी बोट एक घर मागे नेलं. दोन ऑक्टोबर, गांधी जयंती. सत्तावीस नोव्हेंबर, गुरुनानक जयंती. दोन्ही बुधवार, दोन्ही लाल आकड्यांत.

म्हणजे हितचिंतक बँक बंद असेल तेव्हा कमवत होता आणि बँक उघडली की पैसे भरत होता.

मग त्यांनी उलटं तपासलं. बँक बंद होती, पण दुसऱ्या दिवशी हितचिंतक आला नाही, असे दिवस कोणते? गणेश चतुर्थी. दसरा. दिवाळी. हा माणूस गांधी जयंतीला काम करत होता, पण गणपतीत घरी बसत होता.

धर्मा बाहेर बाकावर बसून होता. सकाळपासून तो हलला नव्हता. बाईंनी त्याला आत बोलावलं आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"धर्मा, गणपतीत तुम्ही होडी काढता?"

"गणपतीन? नाय बाय. गणपतीन कोन जातंय दर्यावर?"

"आणि शनिवारी दुपारी?"

धर्मा दाराकडे बघायला लागला.

"हे बघा, बँक शनिवारी दुपारी बंद होते ती सोमवारी उघडते. तेवढ्या वेळात इंजिन होडीला लागतं आणि सोमवारी सकाळी परत या खोलीत येतं. आज आलं नाही. इंजिन तुमच्याच घरी आहे ना? सरळ सांगा, म्हणजे पोलिसांपर्यंत जायला नको."

धर्मा ताडकन उठला. त्याचे डोळे भरून आले होते.

"आईशपथ बाय, मी आनलंय! सकाली सात वाजता मी ते इथंच आनलंय!"

४

त्यानंतर जे झालं ते बघून काउंटरवरच्या गिऱ्हाइकांनी पैसे मोजायचे थांबवले. निफाडे केबिनमधून धावत आले, गुणाजी चहाच्या खोलीतून धावत आला, आणि तिघं एकाच वेळी एकमेकांवर ओरडायला लागले.

"तू आणलंस? मग आत का नाही आलं?"

"मी हातगाडीवर ठेवलंय! गुणाजीला आवाज दिला आनि चाय प्यायला गेलो. येऊन बघतंय तर गाडी रिकामी. मना वाटलं गुणाजीनं उचललं!"

"मी खंय उचललंय? मी मागच्या दारात आठ वाजल्यापास्ना उभो! माका वाटला ह्यो आणूकच नाय!"

"आणि मला वाटलं तुम्ही दोघं मिळून..." निफाडे बोलता बोलता थांबले. रत्नप्रभाबाई त्यांच्याकडेच बघत होत्या.

"केबिनमध्ये चला," बाई म्हणाल्या.

आत गेल्यावर निफाडे स्वतःच्या खुर्चीवर न बसता गिऱ्हाइकाच्या खुर्चीवर बसले.

"तुम्हाला कधी कळलं?"

"खात्री वह्यांवरून झाली, शंका सकाळीच आली. दार वीतभर उघडलं होतं, आत काळोख होता, घोडी दाराआडच्या कोपऱ्यात. आणि तुम्ही ओरडलात, इंजिन गेलं. तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं. खोली रिकामी आहे हे तुम्हाला आधीच माहीत होतं."

"आठ वाजल्यापासून तेच वाक्य पाठ करत होतो," निफाडे खिन्नपणे म्हणाले. "जरा लवकर तोंडातून निघालं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. इंजिन खोलीत पडून गंजत होतं. ते रोज येऊन बघायचे. चंद्रप्रकाशशेठने सातशे सांगितले. सहा हजारांच्या कर्जाला सातशे! त्यातले साठ टक्के महामंडळाचे. बँकेच्या हाती काय, तर दोनशे ऐंशी. हेड ऑफिसला तीन पत्रं लिहिली, की इंजिन धर्माला वापरायला द्या, तो हप्ते देईल. तिन्ही पत्रांची पोच आली. उत्तर आलं नाही.

"नारळी पौर्णिमेला धर्मा आला. म्हणाला, इंजिन द्या, पैसे देतो. मी म्हटलं, पैसे दे, इंजिन देतो. दोघांकडेही आधी द्यायला काही नव्हतं. मग मी नियमांचं पुस्तक काढलं. त्यात लिहिलंय, जप्त मालाची योग्य निगा राखावी. बाई, इंजिनाची निगा म्हणजे काय? ते चालवणं! मी फक्त सुट्टीच्या दिवशी निगा राखत होतो."

"आणि पैसे कर्जखात्यात का भरले नाहीत? आमचा वाटा द्यायचा नव्हता?"

"द्यायचा होता हो! पण तुमच्या फॉर्ममध्ये 'वसुली कोणत्या मार्गाने झाली' असा एक रकाना आहे. त्या रकान्यासमोर मी तीन महिने बसलोय."

रत्नप्रभाबाईंना हसू येत होतं, पण त्यांनी ते आवरलं. घड्याळात सव्वा एक वाजला होता. आणि आता खरोखरच चोरी झाली होती. सकाळी सात ते आठच्या मध्ये, बँकेच्या दारातून, हातगाडीवरून.

"हे कुणाकुणाला माहीत होतं?"

"फक्त आम्हा तिघांना," निफाडे म्हणाले.

दारात उभ्या गुणाजीने घसा खाकरला. "सायबांनु, अख्ख्या कोळीवाड्याक ठावक हा. पोरां सुद्धा म्हणतत, बँकेची होडी इली."

निफाड्यांनी डोळे मिटून घेतले.

"गुणाजी," बाई म्हणाल्या, "गेल्या दोन-तीन दिवसांत या इंजिनाबद्दल कुणी काही विचारलं होतं का? नीट आठवा."

गुणाजीने डोकं खाजवलं. "शनवारी सखुबाय इलेली, इंजिनाचा इचारूक. धर्माची बायल. तिका तुमच्या महामंडळाचा पत्र दाखवलंय. ती म्हणाली, वाचून दाखव. मी वाचलंय: दाव्याची रक्कम अदा केली आहे. ती म्हणाली, म्हणजे काय? मी सांगलंय, सरकारान पैसे भरले."

"आणि मग?"

"मगे काय, लुगडा खोचला आणि गेली."

बाईंनी पर्स खांद्याला लावली.

"मासळी बाजार कुठे आहे?"

५

बाजारात दुपारची गर्दी ओसरली होती. सखुबाई तिच्या नेहमीच्या जागी बसली होती. अंगाने भरलेली, कानात सोन्याच्या जड कुड्या, पुढ्यात फळ्यांची लांबट पेटी. पेटीत काठोकाठ बर्फ आणि वर बोंबलांचा एक पातळ थर.

तिच्यासमोर एक गिऱ्हाईक बाई हातवारे करत होती. "अगं, काय गं हे? सकाळी नेलेल्या बोंबलाला रॉकेलचा वास येतोय! नवऱ्याने ताट सरकवलं!"

"नवऱ्याचं नाक तपास," सखुबाई म्हणाली. "माझं बोंबील ताजं हाय."

"तूच हुंगून बघ!"

"मी कशाला हुंगू? मना ठाव हाय कसला वास तो." मग तिने जीभ चावली आणि चार बोंबील फुकट देऊन गिऱ्हाइकाला वाटेला लावलं.

रत्नप्रभाबाई पुढे झाल्या. त्यांच्या मागे धर्मा आणि निफाडे. बायकोला बघून धर्मा निफाड्यांच्या मागे सरकला.

"पापलेट आहे का?" बाईंनी विचारलं.

"नाय."

"पेटी तर भरलेली दिसतेय. खाली काय आहे?"

"खालचा माल इकलाय. दुसरीकडं बघ."

"नुसतं बघते." बाईंनी बाही सरकवली आणि सखुबाई हात धरायच्या आत सरळ बर्फात कोपरापर्यंत हात घातला. त्यांचा हात कशाला तरी अडला. त्यांनी चाचपलं आणि चष्मा सारखा केला.

"सखुबाई, हा कुठला मासा? याला लोखंडाचे तीन पंख आहेत."

शेजारच्या कोळणी फिस्सकन हसल्या. निफाडे पेटीवर वाकले, बर्फ दोन्ही हातांनी उपसू लागले आणि इंजिनाचं काळं डोकं दिसताच त्यांनी त्यावरून असा हात फिरवला, की जसं काही हरवलेलं मूलच सापडलं.

सखुबाई उठून उभी राहिली. ती जराही ओशाळलेली नव्हती.

"चोरी नाय केली मी. माझ्या घोवाचं इंजिन मी उचललं. सरकारनं पैसं भरलं ना? कागद वाचून घेतलाय मी! मग कर्ज फिटलं. मग लिलाव कशाचा? आनि हा बावला," तिने धर्माकडे बोट केलं, "फिटलेल्या कर्जाचं दर सोमवारी दीडशे भरतंय! मना परवा कलालं. ठेवते म्हटलं इंजिन लपवून. इंजिनच नाय तर लिलाव कसा करताव ते बघू!"

 सगळ्या कोळणी रत्नप्रभाबाईंकडे बघायला लागल्या. सखुबाईचं म्हणणं त्यांना पटलेलं दिसत होतं.

बाई तिथेच एका उलट्या टोपलीवर बसल्या.

"सखुबाई, पैसे भरले ते बँकेला. धर्माला नाही. सरकारने बँकांना सांगितलं, गरिबाला कर्ज द्या, घाबरू नका. बुडालं तर रुपयातले साठ पैसे आमचं महामंडळ देईल. म्हणून बँकेने धर्माला दुसऱ्या तारणाशिवाय, जामिनाशिवाय इंजिन घेऊन दिलं. आता साठ पैसे आम्ही दिले. पण बुडालेलं सगळं बँकेच्या अंगावर पडू नये म्हणून. धर्माकडून जे काही वसूल होईल, त्यातले साठ पैसे परत आमच्याकडे यायचे. त्यातूनच पुढच्याला देतो."

"म्हंजे कर्ज हायेच?"

"आहेच."

"पुरा सहा हजार?"

"त्यातले दोन हजार शंभर तुमच्या या बावळ्याने भरलेत."

सखुबाईने नवऱ्याकडे बघितलं. किती वेळ बघितलं. धर्मा जमिनीकडे बघत होता.

"आनि लिलावात हे कितीला जाणार?" तिने विचारलं.

"चंद्रप्रकाशशेठ सातशे म्हणतात."

"सातशे?" सखुबाईचा आवाज बाजारभर गेला. "सातशेन तर नवं जालंपन मिलत नाय! आनि ते इंजिन? किती वाजता हाय तुमचा लिलाव?"

६

चार वाजता बँकेच्या मागच्या अंगणात पाण्याचं पिंप ठेवलं होतं आणि त्याच्या काठावर इंजिन टांगलं होतं. माल चालू आहे की नाही ते बोलीआधी दाखवावं, असा रत्नप्रभाबाईंचा आग्रह. धर्माने दोरी ओढली. पहिल्याच ओढीला इंजिन धडधडलं, पिंपातलं पाणी उसळलं आणि निफाड्यांच्या शर्टाची उजवी बाजू पूर्ण भिजली.

चंद्रप्रकाशशेठचा चेहरा बदलला. "हे तर चालतंय!"

"निगा राखली आहे," निफाडे म्हणाले.

"सातशे," शेठ घाईने म्हणाले.

"हजार," मागून आवाज आला. सखुबाई आली होती. सोबत आठ-दहा कोळणी, टोपल्यांसकट.

"अहो, ही कर्जदाराची बायको!" शेठ ओरडले. "हिला कशी बोली लावता येईल?"

सगळ्यांनी रत्नप्रभाबाईंकडे बघितलं. त्यांनी नियमांचं पुस्तक मागून घेतलं, दोन पानं वाचली आणि मिटलं.

"कर्जदाराने बोली लावू नये असं लिहिलंय. कर्जदाराच्या बायकोबद्दल काहीच लिहिलेलं नाही. पुढे चला."

"बाराशे," शेठ म्हणाले.

"पंधराशे."

"सोळाशे!"

"अठराशे."

शेठने रुमालाने मान पुसली. "अठराशे पन्नास."

सखुबाईने मागे वळून बघितलं. कोळणींनी आपापसांत कुजबुज केली. त्यांच्या भिशीचा यंदाचा नंबर खरं तर दुसऱ्याच एकीचा होता. तिने मान डोलावली.

"एकोनीसशे," सखुबाई म्हणाली. आणि शेठ तोंड उघडतात तोच ती गोड आवाजात पुढे म्हणाली, "शेठ, दर शुक्रवारी तुमच्या घरी सुरमई कोन पोचवतंय?"

शेठने तिच्याकडे बघितलं. मग तिच्या मागे उभ्या असलेल्या त्या सगळ्या बायकांकडे बघितलं. वर्सोव्याच्या अख्ख्या बाजाराशी वैर करण्याइतकं ते इंजिन मोलाचं आहे का, याचा त्यांनी क्षणभर हिशोब केला.

"माझी बोली संपली," ते म्हणाले.

बाईंनी तीनदा विचारलं. दुसरा आवाज आला नाही. पैसे ओल्या, वास येणाऱ्या नोटांत मोजले गेले. कॅशिअर त्या नोटा कोपऱ्याला धरून मोजत होता. इंजिनाचे एकोणीसशे आणि सस्पेन्स खात्यातले एकवीसशे, मिळून चार हजार. चोवीसशे महामंडळाचे, सोळाशे बँकेचे. धर्माचं कर्ज सहा हजारांवरून दोन हजारांवर आलं.

केबिनमध्ये रत्नप्रभाबाई अहवाल लिहायला बसल्या. निफाडे समोर उभे होते, शर्ट अजून ओला.

"मला सगळं लिहावं लागेल, निफाडेसाहेब. सील, सुट्ट्या, सस्पेन्स, सगळं. आमचा वाटा तीन महिने उशिरा आला तेही."

"लिहा. गुणाजीचं नाव तेवढं..."

"गुणाजी चहा आणतो आणि फायली उचलतो. त्याने मला स्वतः सांगितलंय."

"मला मेमो येईल."

"येईल. पण माझ्या एकवीस वर्षांत मी शंभर तरी लिलाव पाहिलेत. रुपयाला वीस पैसे वसूल झाले तरी आम्ही पेढे वाटतो. तुमचे सदुसष्ट पैसे आलेत. तेही लिहिणार आहे. मेमो देणाऱ्याने दोन्ही वाचावं."

 टेबलावरच्या पेन्सिली निफाड्यांनी उगाचच विस्कटून पुन्हा लावल्या.

बाहेर धर्माने इंजिन हातगाडीवर चढवलं होतं. निफाडे दारापर्यंत आले तसा तो जवळ आला. तीन महिने या माणसाला विचारल्याशिवाय त्याने होडीला इंजिन लावलं नव्हतं.

"साहेब, उद्या मंगलवार हाय. भरतीपन चांगली हाय. उद्या गेलो तर चालंल?"

"उद्या बँक चालू..." निफाडे सवयीने म्हणाले, मग थांबले आणि पहिल्यांदाच मनमोकळे हसले. "अरे, मला काय विचारतोस? इंजिन आता तुझ्या बायकोचं आहे. तिला विचार."

धर्माने मागे वळून बघितलं. सखुबाई कमरेवर हात ठेवून हातगाडीशेजारी उभी होती. ती धर्माकडेच बघत होती आणि आपण कष्टाने मिळवलेल्या एकोणीसशे रुपयांच्या इंजिनावर या माणसाला हात लावू द्यावा की नाही, याचा विचार तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

धर्मा निफाड्यांच्या कानाशी वाकला.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "त्यापरीस बँक बरी होती."